पाटीवरचं नाव

मुलांच्या शाळा-कॉलेजाची पाटी आपण रोज पाहतो. पण ते नाव कोणाचं, हे सहसा विचारत नाही. राजोडीच्या किनाऱ्यावर सुटीत फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींनो, आपल्याच पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तलासरीला, एका कॉलेजाच्या पाटीवर बाईचं नाव आहे : कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर.

ह्या गोदूताई माहेरच्या गोखले. जन्म १९०७ चा. त्या काळात त्यांनी वकिलीची पदवी मिळवली. पण त्यांचं नाव झालं ते वारल्यांच्या लढ्यामुळे.

इंग्रजी अमदानीत वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढी आणि फेडीपोटी जन्मभर त्याच्याकडे राबे. त्याला म्हणत 'लग्नगडी'. आणि नवी नवरी? तीही त्याच्याबरोबर वेठीला! अंगाची हळद उतरते न उतरते तोच गुलामी सुरू.

२३ मे १९४५ ला झरी गावी हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, अशी शपथ घेतली. लग्नगडी सुटले. पुढे मजुरीसाठी लढा झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी काही जण गेले.

गोदूताईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात लिहिली. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दुपारच्या निवांत वेळी जरूर वाचा. आणि हो, आज मुलं घरी आली की विचारा, "तुझ्या शाळेला नाव कोणाचं रे?" उत्तर आलं नाही, तर दोघं मिळून शोधा.