दाराची बिजागरी

दार म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम काय उभें राहतें? गणेशपट्टीवरील नक्षी, पितळी कड्या, फार तर एखादें भक्कम कुलूप. परंतु जिच्या आधारानें तें दार दिवसांतून शंभर वेळां उघडतें व मिटतें, त्या बिजागरीकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. ती कुरकुरूं लागली म्हणजेच तिची आठवण होते.

आम्हांसहि ती एका संकटानेंच झाली. २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानितात. त्या वेळीं पाणी ५७ फुटांवर गेलें. पूर ओसरल्यावर एका परिचितांच्या जुन्या घरांत चिखल उपसावयास आम्ही गेलों. पाहतों तों एकहि दार धड मिटेना. लोखंडी बिजागऱ्या गंजून जाम झाल्या होत्या. माजघराचें सर्वांत जुनें दार मात्र चिखल खरवडतांच जडपणें कां होईना, पण फिरलें. नीट पाहिलें तेव्हां कळलें कीं, त्या दाराला बिजागरी नव्हतीच!

मग तें फिरत होतें कशावर? आपल्या जुन्या सुतारांची ही युक्ति मोठी साधी आहे. फळीच्या एका कडेस वर व खालीं लांकडाचाच एकेक गोल खुंट राखीत. खालचा खुंट उंबरठ्याशीं केलेल्या उखळींत बसे, वरचा चौकटीच्या भोंकांत अडके. दाराचा सर्व भार खालच्या उखळीवर, म्हणजे पर्यायानें जमिनीवर पडे; वरच्या खुंटाचें काम केवळ दार उभें धरण्याचें. वाई, सातारा, मिरज या बाजूच्या जुन्या वाड्यांत अशीं दारें अद्यापि पाहावयास मिळतात. गडकोटांच्या अवजड दरवाज्यांचीहि हीच रीत. अजिंक्यताऱ्यावर चढून जाणाऱ्यानें महादरवाज्याचे अणकुचीदार खिळे तर पाहावेतच, पण एवढें ओझें फिरत कसें असेल याचाहि विचार करावा.

बिजागरी ही मागाहून आली, आणि तिचें नांवच तिची हकीकत सांगतें. पोर्तुगीज भाषेंत तिला 'बिसाग्रा' म्हणतात. त्यावरून आपली 'बिजागरी' झाली, आणि गुजराथेंत तिचेंच 'मिजागरूं' झालें. 'चावी' हा शब्दहि पोर्तुगीजच. 'दरवाजा' फारसी, 'कुलूप' मूळचें अरबी, आणि उंबरठा मात्र आपला घरचा! एका दारांत किती देशांचे लोक एकत्र नांदत आहेत पाहा. वाईजवळ मेणवली येथें नाना फडणविसांच्या वाड्यामागें कृष्णेच्या घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ सालीं मराठ्यांनीं वसई घेतली, त्यानंतर ती तिकडील पोर्तुगीज देवळांतून येथें आली. तिजवर मरियेची व बाळ येशूची आकृति आहे. घंटा युद्धांतून आली. शब्द मात्र व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या तोंडून गाजावाजा न करितां आले, आणि घरोघर राहिले.

आतां बिजागरीची रचना पाहूं. दोन पाती असतात. त्यांच्या कडा वळवून लहान लहान नळ्या केलेल्या असतात. एका पात्याच्या नळ्या दुसऱ्याच्या नळ्यांत बोटांत बोटें गुंफावीं तशा बसवून आरपार एक सळई घालितात. एक पातें चौकटीला, दुसरें फळीला. आपल्या कोपराच्या सांध्यालाहि शास्त्राच्या पुस्तकांत 'बिजागरीचा सांधा' असेंच म्हणतात, कारण तोहि एकाच दिशेनें उघडतो व मिटतो. नदीकांठचा शिंपला उचलून पाहिला तर निसर्गानें ही युक्ति मनुष्याच्या किती आधीं योजिली होती तें समजेल.

उखळीवरील दार जमिनीवर उभें असतें. बिजागरीवरील दार चौकटीला लोंबकळत असतें. सारा भेद येथेंच आहे. समजा, दाराचें वजन ३० किलो व रुंदी ३ फूट आहे. त्याचा भार मध्यावर, म्हणजे कडेपासून दीड फुटावर धरावा. दोन बिजागऱ्यांमध्यें ५ फूट अंतर असेल, तर वरची बिजागरी ९ किलोच्या जोरानें चौकटींतून बाहेर ओढली जाते, आणि खालची तितक्याच जोरानें आंत दाबली जाते. तेंच अंतर अडीच फूट ठेविलें तर ओढ दुप्पट, म्हणजे १८ किलो होते. म्हणून शहाणा सुतार बिजागऱ्या शक्य तितक्या दूर बसवितो. दारावर लोंबकळून झोके घेणाऱ्या मुलांनीं हा हिशेब अवश्य करून पाहावा. त्यांचें वजन दाराच्या टोंकावर पडतें, त्यामुळें ओढ किती वाढते हें त्यांचें त्यांनाच कळेल.

ही वस्तु केवळ उपयोगाचीच आहे असें मात्र नव्हे. पॅरिस येथील नोत्र दाम मंदिराच्या दारांवर तेराव्या शतकांतील लोखंडी पट्ट्या आहेत. त्या बिजागरीपासून निघून वेलीप्रमाणें सबंध फळीवर पसरल्या आहेत. हें काम मनुष्याचें नव्हे, लोहारानें सैतानाशीं करार करून तें केलें, अशी दंतकथा तेथें रूढ झाली. इतकें दूर जाण्याचें तरी कारण काय? आपल्या आजीचा अडकित्ता पाहा. दोन पाती एका खिळ्यावर फिरतात, एवढाच त्यांतील व्यवहार. परंतु त्या दोन दांड्यांस कारागिरांनीं कधीं पोपटाचें, कधीं घोड्याचें रूप दिलें. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयांत अशा अडकित्त्यांचा सुंदर संग्रह आहे. ज्या ठिकाणीं वस्तु फिरते, तेथेंच कारागिराची कल्पनाहि फिरूं लागते, असें तो पाहून वाटतें.

पुरानंतर त्या घराची दारें उतरविलीं गेलीं. पितळी कड्या, बिजागऱ्या व साखळ्या एका पोत्यांत भरून मोडींत वजनावर गेल्या, आणि माजघराचें तें दार सरपणाच्या ढिगांत पडलें. घरमालकांस दोष कसा द्यावा? डोक्यावर छप्पर हवें होतें. पण त्या दाराचें माप कोणीं घेतलें नाहीं, त्याच्या खुंटाचें चित्र कोणीं काढलें नाहीं, ही खंत आमच्या मनांतून जात नाहीं. आम्हीं तरी त्या दिवशीं कागद-पेन्सिल कोठें काढिली?

म्हणून विद्यार्थीमित्रांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली घरगुती. बिजागरी कुरकुरली तर तेलाचे दोन थेंब घाला; पितळी बिजागरीस स्क्रूहि पितळीच लावा, कारण दोन निरनिराळे धातु ओलाव्यांत एकत्र आले म्हणजे लोखंड लौकर खाल्लें जातें. दुसरी अशी कीं, सुटींत गांवीं गेलां म्हणजे आजोळच्या जुन्या दाराजवळ घटकाभर बसा. तें कशावर फिरतें तें पाहा, फूटपट्टीनें मोजा, वहींत त्याचें चित्र काढा, आणि घरांतील वडील मंडळींस तें कोणीं घडविलें तें विचारा. दार गेलें तरी निदान त्याची युक्ति तुमच्या वहींत राहील, आणि एखाद्या नव्या घराच्या उंबरठ्याशीं पुन्हां उपयोगी पडेल.