ग्राहकाची वही कोठे गेली?



माझ्या लहानपणी आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला सुतळीने बांधलेली एक छोटी वही टांगलेली असे. महिनाभर दाळमंडईतील दुकानातून जे सामान उधारीवर येई, ते दुकानदार आपल्या खात्यावर लिही आणि त्याच वेळी आमच्या वहीतही लिहून देई. वडिलांचा पगार झाला की दोन्ही वह्या शेजारी ठेवून बेरीज होत असे. आई फारशी शिकलेली नव्हती. तरी गूळ अर्धा किलो आणला होता की एक किलो, यावरून तिने दुकानदाराला दोनदा तरी अडवल्याचे मला स्पष्ट आठवते.

आज तीच खरेदी मोबाईलवर होते. हिशेब पूर्वीपेक्षा अधिक काटेकोर राहतो, अगदी पैशापैशाचा राहतो. मात्र घरातील ती दुसरी वही नाहीशी झाली आहे. व्यापार, ग्राहकाच्या सवयी आणि नवे तंत्रज्ञान ही तिन्ही एकमेकांना कशी घडवतात याचा विचार करताना मला ही नाहीशी झालेली वही सर्वांत महत्त्वाची वाटते. आणि वहीवरून झालेल्या भांडणाचा इतिहास आपल्या जिल्ह्याइतका क्वचितच दुसऱ्या कोणा जिल्ह्याला असेल.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस बंद झाल्याने इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. भाव चढले, सावकारांच्या हाती पैसा खेळू लागला आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, त्यात सरकारने सारा वाढवला आणि सावकाराने हात आखडता घेतला. पुढे जुन्या कर्जाची वसुली सुरू झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो लवकरच आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांतील गावांत पसरला. इतिहासात यास दख्खनचे दंगे म्हणतात. विद्यार्थी मित्रांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, कर्जरोखे व खतावण्या यांच्यावर होता. जेथे सावकाराने रोखे मुकाट्याने काढून दिले, तेथे बहुधा त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. कागद जाळले आणि लोक घरी गेले.

सरकारने आयोग नेमला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना साहाय्य करणारा कायदा झाला. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. सावकाराने पावती द्यावी, कुळाने मागितल्यास हिशेबाचा उतारा द्यावा, असे त्यात होते. म्हणजे कुळाच्या हातीही एक वही असावी हे तत्त्व कायद्याने मान्य केले. ते व्यवहारात किती उतरले हा प्रश्न वेगळा. ज्याला वाचता येत नव्हते, त्याला उताऱ्याचा उपयोग तो काय होणार?

आता आजच्या काळाकडे येऊ. यंत्र आले आणि माणूस बदलला, असे सर्रास म्हटले जाते. परंतु माणसानेही यंत्राला आपल्या सवयीप्रमाणे वाकवले आहे, हे तितकेच खरे आहे. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ साली बंगळूरला सुरू झाली. न पाहिलेल्या मालाचे पैसे आधी द्यायला आपल्याकडचा माणूस तयार होईना. शेवटी २०१० साली कंपनीने ‘माल हाती आल्यावर पैसे’ ही पद्धत आणली आणि मग धंदा वाढला. वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय कनवटीचा पैसा सोडायचा नाही, या आपल्या आजीच्या नियमापुढे संगणकाला नमते घ्यावे लागले!

तीच गोष्ट साखर कारखान्यांच्या भागातली. आपल्या जिल्ह्याला प्रवरानगरपासून सहकारी कारखान्यांची परंपरा आहे, म्हणून हे उदाहरण आपल्याला चटकन समजेल. कोल्हापूरकडे वारणानगर परिसरातील सुमारे सत्तर गावांत १९९८ साली मोठा गाजावाजा होऊन संगणक बसवले गेले. कल्पना अशी की शेतकरी जगभराची माहिती वाचील. प्रत्यक्षात शेतकऱ्याला हवे होते ते एवढेच, की माझ्या उसाचे वजन किती भरले आणि खत किती मिळणार. काही वर्षांनी सात गावांत प्रयोग करून हीच माहिती साध्या मोबाईलवर संदेशाने देण्यात आली आणि ती स्वस्तात व सोयीची ठरली. शेतकऱ्याला संगणक नको होता, त्याला वजनाची पावती हवी होती.

आणि तो दुकानातला बोलणारा डबा! चितळे रोडला भाजी घ्यायला गेलात तर दर दोन-चार गाड्यांमागे पुठ्ठ्यावर चिकटवलेला चौकोन दिसतो. गिऱ्हाईक ‘स्कॅनर कुठाय?’ म्हणून विचारते. पैसे जमा झाले की डबा मराठीत आकडा सांगतो. भाजीवालीचे हात ओले, समोर चार गिऱ्हाइके, मोबाईल पिशवीत, अशा वेळी पडद्यावरचा संदेश वाचणार कोण? ही अडचण तिची होती, म्हणून हा डबा निघाला. त्यातही एक उणीव राहिलीच. डबा रक्कम सांगतो, कोणी दिली ते सांगत नाही. आमच्या ओळखीची एक मुलगी बारावीत शिकते आणि संध्याकाळी आईच्या गाड्यावर बसते. तिने शंभर पानी वही केली आहे. डबा बोलला की रक्कम व वेळ ती वहीत टिपते आणि रात्री मोबाईलशी ताळा करते. गर्दीत डबा बोलल्याचा भास होऊन, किंवा जुन्या पावतीचे चित्र दाखवून कोणी निघून गेले, तर तिला त्याच रात्री कळते. आमच्या आईच्या वहीचेच हे पुढचे पान आहे असे मला वाटते.

पैसे पाठवण्याची ही जी यूपीआय पद्धत आहे, ती राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत जाहीर केली. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आले आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. तीन गोष्टी एका वर्षात जुळून आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात यूपीआयवर प्रथमच दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. ३० डिसेंबर २०१६ रोजी सरकारने जे ॲप काढले त्याला ‘भीम’ हे नाव दिले आणि ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरून ठेवल्याचे जाहीरपणे सांगितले. रुपयाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२३ साली ग्रंथ लिहिला, त्या दृष्टीने नाव उचितच होते. परंतु आज आपल्या किती घरांत ‘भीम’ वापरले जाते? देशातील यूपीआय व्यवहारांचा बहुतांश वाटा फोनपे आणि गुगल पे या दोन खासगी कंपन्यांकडे आहे. कारण शोधायला लांब जायला नको. सुरुवातीच्या काळात या कंपन्यांनी खरवडून पाहायची बक्षिसाची कार्डे दिली, पाच-दहा रुपये परत दिले. आपण त्या पाच रुपयांच्या मागे गेलो, आणि सवय लागली ती कायमची.

मग या कंपन्यांचे भागते कसे? जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. डब्याचे भाडे मिळते, जाहिराती मिळतात. परंतु खरी कमाई कर्जात आहे. रोज किती गल्ला होतो, कोणत्या वारी जास्त होतो, हे ज्याच्याकडे लिहिलेले आहे, त्याला कोणाला किती कर्ज द्यावे हे बँकेच्या साहेबापेक्षा लवकर कळते. अनेक कंपन्या दुकानदाराला त्याच्या रोजच्या जमेवर कर्ज देऊ करतात आणि हप्ता त्याच जमेतून दररोज कापून घेतात. याला सरसकट वाईट म्हणता येणार नाही. ज्या टपरीवाल्याला तारणाअभावी कोणी दारात उभे केले नसते, त्याला यातून भांडवल मिळाले आहे. सांगायचे इतकेच की वही हीच मालमत्ता झाली आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. गावच्या दुकानात आपल्या वाडवडिलांना पायरीखाली उभे राहावे लागे, पैसे लांबून टाकावे लागत आणि माल वरून ओंजळीत पडे. मोबाईलवरच्या दुकानात पायरी नाही. वस्तू घरपोच येते, भाव छापलेला असतो, आडनाव ऐकून कोणी तो बदलत नाही. आपल्या तरुण पिढीला या बाजाराची ओढ वाटते, त्यामागे हे एक कारण आहे आणि त्याकडे ‘चंगळवाद’ म्हणून नाक मुरडणे मला पटत नाही. चांगला बूट घालावा, चांगला मोबाईल वापरावा असे वाटणे हा गुन्हा नव्हे. परंतु हे दुकान जात विचारत नसले तरी बाकी पुष्कळ विचारते. राहता कोठे, पाहता काय, कोणत्या वस्तूवर किती वेळ थांबलात, हे सर्व तेथे नोंदले जाते आणि पुढच्या वेळी तीच वस्तू डोळ्यांसमोर येते. कापड बाजारातला दुकानदार गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून भाव सांगे, हे खरे. पण आपणही त्याचा चेहरा वाचत होतो, उठून चालू लागत होतो आणि तो मागून हाक मारत होता.

या नव्या बाजारातील युक्त्यांची दखल केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी घेतली आणि ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा पद्धतींना मनाई केली. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई करणे, न विचारता टोपलीत एखादी वस्तू किंवा देणगी घालणे, शेवटच्या पानावर किंमत वाढवणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, या त्यांपैकी काही. ही यादी वाचताना नगरच्या जुन्या बाजारातील काही व्यापारी माझ्या डोळ्यांपुढे आले हे कबूल करतो. युक्ती नवी नाही, तिचा वेग नवा आहे.

खरा धोका हप्त्यांचा. आमच्या वस्तीतील एका पदवीधर मुलाने बारा हप्त्यांवर मोबाईल घेतला. दहा हप्ते भरले. मग मोबाईल बिघडला, दुकानदार दाद देईना, तेव्हा रागाने त्याने उरलेले दोन हप्ते भरले नाहीत. रक्कम तीन हजारांच्या आत होती. तीन वर्षांनी त्याने धंद्यासाठी बँकेकडे कर्ज मागितले, तेव्हा ते दोन हप्ते त्याच्या नावावर उभे होते आणि अर्ज परत आला. आपली अशी काही वही कोठे आहे आणि तीत कोणीतरी लिहीत आहे, हे त्याला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

याहून वाईट प्रकार लोन ॲपचा. पाच मिनिटांत पाच हजार देतात, मोबाईलमधील सर्व नावे व छायाचित्रे उचलतात आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून अब्रू घेतात. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २०२१ च्या सुरुवातीला दोन महिन्यांत सुमारे ११०० कर्ज ॲप मोजली, त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती. २ सप्टेंबर २०२२ रोजी बँकेने नियम केले आणि २०२५ मध्ये ते एकत्रित स्वरूपात पुन्हा जारी केले. त्यानुसार कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा झाली पाहिजे, ॲपला मोबाईलमधील नावांच्या यादीला हात लावता येत नाही, आणि सही करण्यापूर्वी सर्व खर्चांसह वर्षाचा खरा व्याजदर दाखवणारे एक माहितीपत्रक ग्राहकाला दिले पाहिजे. ठरावीक मुदतीत मन बदलले तर मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्ज परतही करता येते. १८७९ च्या कायद्यातील हिशेबाच्या उताऱ्याची आठवण यावी असेच हे आहे. फरक इतकाच की आता आपल्याला वाचता येते.

म्हणून विद्यार्थी मित्रांना व सभासदांना काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. हप्त्यावर काही घेताना ते माहितीपत्रक मागून घ्या व जपून ठेवा. ‘शून्य व्याज’ असे सांगितले तर प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास सूट किती, हे दोन प्रश्न विचारा. पैसे ‘मिळवण्यासाठी’ गुप्त क्रमांक टाका असे कोणी फोनवर म्हणाले तर फोन ठेवून द्या, कारण पैसे मिळवण्यासाठी तो क्रमांक कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर तासाभरात तक्रार गेली तर पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता राहते. वस्तूबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि आपल्या नावावर कोण काय लिहीत आहे हे पाहण्याचा हक्कही आपल्याला आहे. सिबिलसारख्या ज्या पतमाहिती कंपन्या आहेत, त्यांपैकी प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अहवालात चूक असेल तर ती दुरुस्त करून मागता येते. वर म्हटलेल्या मुलाने हा अहवाल काढला, उरलेले दोन हप्ते दंडासह भरले, कंपनीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेतला आणि त्याची एक छापील प्रत आपल्या आईकडे ठेवायला दिली आहे.