घरच्या संगणकावरील विमान आणि त्याचा खरेपणा

सावंतवाडीचा लाकडी आंबा खऱ्या आंब्याशेजारी ठेवला, तर पाहणाऱ्याची सहज फसगत होते. रंग तोच, आकार तोच, देठाजवळचा खळगाही तोच. परंतु तो आंबा पिकत नाही, नासत नाही आणि जमिनीत पुरला तर त्याला कोंब फुटत नाही. त्याचे साम्य रूपापुरतेच आहे. नक्कल वागणुकीचीही करावयाची असेल, तर काम फार अवघड होते. वस्तू कशी दिसते एवढे पाहून भागत नाही. अमुक परिस्थितीत ती काय करील, हे आधी समजून घ्यावे लागते. घरच्या संगणकावर उडविल्या जाणाऱ्या विमानांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

उड्डाणाची नक्कल करणाऱ्या यंत्राला किंवा संगणकीय प्रणालीला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. घरगुती सिम्युलेटरच्या मूळ प्रणालीत पृथ्वीचा पृष्ठभाग, हवामान, विमानतळ आणि काही विमाने यांचा समावेश असतो. याशिवाय इतर संस्था किंवा हौशी मंडळी स्वतंत्रपणे विमाने तयार करतात आणि ती मूळ प्रणालीस जोडता येतात. त्यांना ‘ॲड-ऑन’ म्हणजे जोडविमाने असे नाव आहे. काही विनामूल्य मिळतात, काहींना चांगली किंमत मोजावी लागते. आणि बहुतेकांच्या वर्णनात ‘हुबेहूब’ हा शब्द असतो. हा हुबेहूबपणा कोणत्या मापाने मोजावयाचा?

ऑर्गनच्या भात्यापासून संगणकापर्यंत

या विद्येचा एक उगम वाद्यांच्या कारखान्यात आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवेच्या दाबाने फुगणारे व मिटणारे भाते असतात. त्यांच्याच साहाय्याने लिंक यांनी १९२९ च्या सुमारास एक छोटे, पंख असलेले, जागच्या जागी कलणारे यंत्र तयार केले. वैमानिकाने दांडी हलविली की ते यंत्र त्याप्रमाणे झुके. प्रारंभी हे यंत्र करमणुकीच्या उद्यानांत अधिक खपले. १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे टपालवाहतुकीचे काम आले आणि खराब हवामानात केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची सवय नसलेले अनेक वैमानिक मरण पावले. त्यानंतर सैन्याने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. लिंक यांच्या यंत्रातून दिसावयास काहीच नव्हते; झाकण लावले की आत काळोख आणि समोर उपकरणांच्या तबकड्या. तरीही ते उपयोगी ठरले; कारण दांडीची हालचाल आणि तबकड्यांचे काटे यांतील कार्यकारणसंबंध त्यात बऱ्याच अंशी खरा होता.

घरगुती संगणकावर हे काम आणण्याचे श्रेय मुख्यतः ब्रूस आर्टविक यांना दिले जाते. त्यांच्या प्रणालीवर आधारलेला ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ १९८२ साली बाजारात आला. त्यातील सेसना १८२ या विमानाच्या खिडकीतून मोजक्या रेषांचे जग दिसे. २०२० आणि २०२४ साली आलेल्या त्याच्या आवृत्त्यांत उपग्रहांनी व विमानांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून उभारलेली पृथ्वी दिसते. चित्राची प्रगती डोळ्यांना ताबडतोब पटते. वागणुकीची प्रगती मात्र तपासल्यावाचून कळत नाही.

हवेचा हिशेब

विमानाचा पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो, त्यावर त्याचे उत्थापन, म्हणजे वर उचलणारा जोर, अवलंबून असतो. कोन वाढविला की उत्थापन वाढते; परंतु सुमारे पंधरा-सोळा अंशांच्या पुढे पंखावरून वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून देते, उत्थापन घटते आणि विमान ‘स्टॉल’ होते. हे सर्व संगणकाला सांगण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत.

पहिली पद्धत कोष्टकांची. अमुक कोनास अमुक उत्थापन, अमुक वेगास अमुक रोध, अशी कोष्टके आधी तयार करून ठेवतात आणि उडताना संगणक त्यांतून आकडे उचलतो. कोष्टक प्रत्यक्ष उड्डाणातील मोजमापांवरून केलेले असेल, तर उत्तर उत्तम येते. परंतु विमान कोष्टकाच्या मर्यादेबाहेर गेले, की पुढचे आकडे अंदाजाचे असतात. दुसरी पद्धत तुकड्यांची. ऑस्टिन मेयर यांच्या ‘एक्स-प्लेन’ या प्रणालीत पंखांचे व पंख्याच्या पात्यांचे लहान लहान भाग कल्पून प्रत्येक भागावरील जोर सेकंदातून अनेकदा काढला जातो आणि त्यांची बेरीज केली जाते. विमानाचा आकार अचूक भरला, की त्याची वागणूक बऱ्याच अंशी हिशेबातूनच निष्पन्न होते. तथापि हवा पृष्ठभागापासून सुटल्यानंतरची गुंतागुंत या पद्धतीतही अंदाजानेच हाताळावी लागते.

म्हणून विमानाचा नेहमीचा प्रवास अचूक वठविणे त्या मानाने सोपे असते. खरी कसोटी कडेला लागते. व्यावसायिक सिम्युलेटरही या बाबतीत अपुरे होते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेतील बफेलो शहराजवळ एक डॅश-८ क्यू४०० जातीचे प्रवासी विमान स्टॉल होऊन कोसळले आणि ५० माणसे मृत्यू पावली. स्टॉलचा इशारा मिळताच नियंत्रणदांडी पुढे ढकलावयाची असते. वैमानिकाने ती मागे ओढली होती. त्या काळी सिम्युलेटरवरील सराव सामान्यतः इशाऱ्यापाशीच थांबत असे. पुढे पूर्ण स्टॉलपर्यंतचे शिक्षण आवश्यक ठरविण्यात आले आणि ते खरे उतरावे म्हणून २०१६ साली अमेरिकेत सिम्युलेटरांची मानकेही सुधारण्यात आली.

यंत्रणांचा स्वभाव

हवेच्या हिशेबाइतकेच महत्त्व विमानाच्या अंतर्गत यंत्रणांना आहे. साध्या जोडविमानात पुष्कळ कळा केवळ चित्रातल्या असतात. दाबल्या तरी त्यांच्यामागे काही घडत नाही. चांगल्या जोडविमानात वीज, इंधन, द्रवदाब आणि स्वयंचालक यांचा परस्परसंबंध जोडलेला असतो. एक विद्युत्-जनित्र बंद पडले, तर त्यावर चालणारी नेमकी तीच उपकरणे अंधारतात. ‘ए२ए सिम्युलेशन्स’च्या विमानांत इंजिनाची झीज एका उड्डाणातून पुढच्या उड्डाणात कायम राहते, थंड इंजिन घाईने पळविणाऱ्यास त्याची किंमत नंतर मोजावी लागते.

एअरबस ए३२० हे विमान या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याची दांडी नियंत्रक पृष्ठभागांना थेट जोडलेली नसते. मध्ये संगणक असतात. साधारण अवस्थेत विमान ३३ अंशांपर्यंत कलवून दांडी सोडली, तर ते तसेच कललेले राहते. त्याहून अधिक कलविले असेल, तर दांडी सोडताच ते आपण होऊन ३३ अंशांवर परतते. आणि ६७ अंशांपलीकडे संगणक त्यास जाऊच देत नाहीत. ‘फ्लाय-बाय-वायर’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने २०२० पासून या विमानाचे विनामूल्य जोडविमान विकसित केले असून त्याची आज्ञावली कोणासही वाचता येते. बाह्य रूप तसेच ठेवून आतील नियम सुधारले, की तेच विमान कसे अधिक खरे होते, याचे ते चांगले उदाहरण होय.

खोटा अनुभव, खरी सवय

खेळातल्या विमानाच्या खरेपणाची एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर एका दुर्घटनेत मिळते. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे एअरबस ए३००-६०० विमान, उड्डाण ५८७, पुढे गेलेल्या मोठ्या विमानाने मागे सोडलेल्या भोवऱ्यांत सापडले. सहवैमानिकाने सुकाणू एकदा या बाजूस, एकदा त्या बाजूस असे जोराने फिरविले. शेपटीचा उभा पंख त्या भाराने तुटला. विमानातील २६० आणि जमिनीवरील ५ माणसे प्राणास मुकली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी-अहवालात सुकाणूचा हा अनावश्यक व अतिरेकी वापर कारणीभूत ठरविण्यात आला. त्या विमानाच्या सुकाणूची रचना आणि वैमानिकांना मिळालेल्या शिक्षणाचा काही भाग यांचाही त्यास हातभार लागला, असे नमूद झाले. त्या शिक्षणातील सिम्युलेटरच्या एका पाठात विमान मुद्दाम एका अंगावर पाडले जाई आणि ते पुरेसे कलावे म्हणून नियंत्रकांचा परिणाम काही क्षण रोखून धरला जाई. खरे विमान तसे वागत नाही. भोवऱ्यांचे सामर्थ्य असते त्याहून फार मोठे आहे, अशी समजूत अशा पाठातून होऊ शकत होती.

यंत्र कोट्यवधी रुपयांचे होते, त्याच्या हालचालीही खऱ्या वाटत होत्या. त्या एका पाठापुरता कार्यकारणसंबंध मात्र बदललेला होता. हातास लागलेली सवय खऱ्या-खोट्याचा भेद करीत नाही.

घरगुती सिम्युलेटरची आणखी एक उणीव अशीच आहे. त्यात हातापायांना खऱ्या विमानाचा भार जाणवत नाही आणि शरीराला वळणाचा दाब कळत नाही. बोइंग ७३७ मध्ये शेपटीचा आडवा पंख हाताने बसविण्यासाठी एक चाक असते. वेग फार असेल व पंख चुकीच्या कोनात असेल, तर ते फिरविणे अतिशय कठीण जाते. जोडविमानात तेच चाक बोटाच्या हालचालीने फिरते. २०१९ च्या मे महिन्यात, ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांनंतर, त्या विमानाच्या व्यावसायिक सिम्युलेटरलाही काही परिस्थिती वठविता येत नव्हत्या, असे बोइंगला मान्य करून दुरुस्ती करावी लागली.

याचा अर्थ घरगुती सिम्युलेटर निरुपयोगी आहे असा नव्हे. उपकरणांचे वाचन, कामांचा क्रम, नकाशावरून मार्ग काढणे या गोष्टी त्यावर उत्तम शिकता येतात. अमेरिकेत मान्यताप्राप्त नियंत्रकांसह बसविलेल्या अशा काही प्रणालींवरचे ठराविक तास उपकरण-उड्डाणाच्या परवान्यासाठी धरले जातात. मात्र ही मान्यता कोणत्या कामासाठी व किती तासांसाठी, हे स्पष्ट आखून दिलेले असते.

पारख कशी करावी

जोडविमानाची परीक्षा शाळेतही घेता येते. ‘फ्लाइटगिअर’ ही प्रणाली विनामूल्य असून तीत सेसना १७२ हे लहान विमान मिळते. विमान सरळ उडवीत हळूहळू वेग कमी करावा आणि कोणत्या वेगास ते स्टॉल होते याची नोंद करावी. नंतर उंची न सोडता ६० अंश कलवून वळण घ्यावे व तोच प्रयोग करावा. अशा वळणात पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो. उत्थापन वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून स्टॉलचा वेग दोनाच्या वर्गमूळाने, म्हणजे सुमारे १.४१ पटीने वाढला पाहिजे. सेसना १७२एस या प्रकाराच्या माहितीपुस्तकात फ्लॅप मिटलेले असताना हा वेग ५३ नॉट दिलेला आहे. तेव्हा वळणात तो ७५ नॉटांच्या आसपास यावयास हवा. पडद्यावरील विमान कोणतेही असो, हे गुणोत्तर त्याला चुकविता येणार नाही. ते चुकले, तर विमानाच्या पत्र्यावरचा प्रत्येक खिळा जागच्या जागी दिसत असला, तरी त्याच्या पंखाखालून हवा वाहत नाही असे समजावे.

ही परीक्षा उतरलेल्या विमानासही एक शेवटचा प्रश्न विचारावयाचा राहतो: त्याचा खरेपणा कोठपर्यंत आहे? ज्या निर्मात्याने ही मर्यादा आपल्या माहितीपुस्तकात स्वच्छ लिहून ठेवली असेल, त्याच्या विमानावर त्या मर्यादेच्या आत भरवसा ठेवता येतो.