सामन्यांचा मास्तर

रमाकांत आचरेकर आयुष्यात प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. १९६३-६४ च्या मोसमात, मोईनुद्दौला करंडकात, स्टेट बँकेच्या संघाकडून हैदराबादविरुद्ध. मालवणात १९३२ साली जन्मलेल्या या माणसाची खेळाडू म्हणून नोंद इथेच संपते. मग मैदानाच्या कडेला टोपी घालून उभे राहण्याची जी कारकीर्द सुरू झाली, ती शिवाजी पार्कात काही दशकं चालली.

सरांची गोष्ट निघाली की स्टंपवरचा रुपया निघतोच. सचिनला बाद करील त्याला नाणं, नाही झाला तर नाणं सचिनचं. गोष्ट खरी आहे, गोडही आहे. पण तिने सरांच्या पद्धतीतला मोठा भाग झाकला गेला असं मला वाटतं. सर नेटपेक्षा सामन्यावर विश्वास ठेवणारे होते. नेटमध्ये त्रिफळा उडाला तरी पोरगं पुढच्या चेंडूला पुन्हा उभं राहतं. क्षेत्ररक्षक नसतात, धावफलक नसतो, पॅड बांधून ताटकळणं नसतं. सामन्यात एक चूक केली की दिवस गेला. म्हणून सर सामने जमवत. कामत मेमोरियल हा त्यांचा क्लब आणि शारदाश्रम ही शाळा, या दोन्हींच्या जोरावर आज या संघाशी, उद्या त्या संघाशी. सचिनने आत्मचरित्रात पहिल्या उन्हाळ्याचा हिशेब दिला आहे: साठ दिवसांच्या सुट्टीत ५५ सराव सामने! एका मैदानावर बाद झाला की स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचं, तिथे पुन्हा फलंदाजी. संध्याकाळी नेट, आणि वर पॅडसकट शिवाजी पार्काला दोन फेऱ्या. आजच्या पालकांनी हे वेळापत्रक पाहून तक्रार अर्ज लिहिला असता.

सचिन वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून शारदाश्रमात आला तो सरांच्या सांगण्यावरून. पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर पोराची बॅट चालेना, तेव्हा थोरला भाऊ अजित याने सरांना निघून गेल्याचं दाखवून लांबून बघायची विनंती केली, आणि सरांनी ती मानली. दरारा असलेल्या गुरूने स्वतःचा दरारा बाजूला ठेवून पाहणं, हे मला नाण्यापेक्षा मोठं वाटतं. पण एरवी दरारा पुरेपूर होता. ठरलेला सामना सोडून सचिन आपल्याच शाळेच्या मोठ्या मुलांचा सामना बघायला वानखेडेवर गेला, तेव्हा थप्पड बसली आणि हातातला डबा उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या कशाला वाजवतोस, तुझ्यासाठी लोकांनी वाजवाव्यात असं खेळ, असा त्या रागाचा अर्थ. मारण्याचं समर्थन मी करणार नाही. त्या काळच्या दादरमध्ये ते कुणाला खटकलं नसावं, एवढंच.

अगदी उलट स्वभावाचा एक समकालीन अमेरिकेत होता. जॉन गॅग्लियार्डी. मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या बेनेडिक्टाइन पंथाच्या लहानशा कॉलेजात त्यांनी १९५३ पासून २०१२ पर्यंत अमेरिकन फुटबॉल शिकवलं. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा हा खेळ, आणि यांच्या सरावात आदळायला बंदी! शिट्टी नाही, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, संघातून कुणाला काढणं नाही, सराव दीडेक तासाचा. खेळाडूंनी ‘कोच’ म्हणायचं नाही, ‘जॉन’ म्हणायचं. तरी कारकिर्दीत ४८९ विजय. कॉलेज फुटबॉलमध्ये इतके कुणाचेच नाहीत. शिवाजी पार्कात आचरेकरांना ‘रमाकांत’ म्हणून हाक मारणारा पोरगा कल्पनेतही येत नाही. दोघांत साम्य शोधायचं तर एवढंच: सामन्यात जे उपयोगी नाही त्यावर मुलांचा वेळ घालवायला दोघेही राजी नव्हते.

सरांचा धाक कुठे संपायचा, तेही १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर दिसलं. हॅरिस शील्डची उपांत्य लढत, समोर सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४ ची. सर मैदानावर नव्हते. डाव सोडा म्हणून त्यांचे साहाय्यक बाहेरून ओरडत होते आणि ही दोघं त्यांच्याकडे बघायचंच टाळत होती. शेवटी सरांचा निरोप फोनवरून आला तेव्हा डाव घोषित झाला. कांबळीला साडेतीनशेला एक धाव कमी पडली.

पुढचा फलंदाज तोवर पॅड बांधून बसूनच होता. तो अमोल मुझुमदार.

१९९० मध्ये सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. शिष्यांची यादी पाठ असते सगळ्यांना: संधू, राजपूत, पंडित, आमरे, आगरकर, पोवार. यातले कितीजण पुढे स्वतः प्रशिक्षक झाले, ते मात्र क्वचित मोजलं जातं. चंद्रकांत पंडितांनी विदर्भाला लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिली आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशला, तीही अंतिम सामन्यात मुंबईला हरवून. अमोलने पदार्पणाच्या रणजी सामन्यात नाबाद २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा जमवल्या, आणि कसोटीची टोपी त्याला कधीच मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक तोच होता.