धरण किती टक्के भरले? आकड्यामागचा हिशेब

पावसाने जोर धरला, की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत रोज सकाळी एकच प्रश्न विचारला जातो : कोयना धरण किती टक्के भरले? पाटण तालुक्यातील या धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळते आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलाखालून वाहते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात या पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते; तेथील धोका पातळी ४५ फुटांची आहे. साहजिकच नदीकाठच्या माणसाचे निर्णय या टक्केवारीवर अवलंबून असतात. संगणकाकडून ती काढून घेताना मात्र तीन ठिकाणी सावध राहावे लागते.

पहिले ठिकाण भागाकाराचे. साठा भागिले क्षमता, गुणिले शंभर, हे सूत्र शाळेतलेच. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजेच अब्ज घनफूट, आहे. समजा, आज्ञावलीत अपूर्णांक सोडून क्षमता १०५ आणि साठा ८६ असा घेतला. 'सी' किंवा 'जावा' या भाषांत ८६ भागिले १०५ याचे उत्तर शून्य येते. कारण दोन पूर्णांकांच्या भागाकारातील अपूर्णांक या भाषा टाकून देतात. शून्याला शंभरने गुणले तरी शून्यच! जवळपास ८२ टक्के भरलेले धरण पडद्यावर कोरडे दिसते. आधी शंभरने गुणून मग भागले, तर ८१ मिळतात. अचूक ८१.९० हवे असतील, तर दोहोंपैकी एक संख्या तरी दशांश प्रकारची घ्यावी लागते. 'पायथॉन' भाषेत मात्र २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून साधा भागाकार दशांशातच उत्तर देतो.

दुसरे ठिकाण आकडा दाखवण्याचे. साठा १०४.९० टीएमसी असेल, तर टक्केवारी ९९.६७ येते. दशांश स्थळे न ठेवता ती दाखवली, की पडद्यावर १०० उमटतात. प्रत्यक्षात ०.३५ टीएमसी जागा अजून शिल्लक असते. आवक ५० हजार क्युसेक असेल आणि विसर्ग बंद असेल, तर ती भरायला सुमारे दोन तास लागतात. पुराच्या दिवसांत दोन तास थोडे नव्हेत. म्हणून दोन दशांश स्थळे दाखवणे इष्ट. शिवाय एक्सेलमधील टक्केवारीची मांडणी संख्येला स्वतःच शंभरने गुणून दाखवते; आधीच काढून ठेवलेले ८१.९० तिच्या हाती दिले, तर ८१९० टक्के दिसतात.

तिसरे ठिकाण छेदाचे, आणि तेथे संगणक काहीच मदत करू शकत नाही. शिराळा तालुक्यातील चांदोली येथील वारणा धरणाची एकूण क्षमता ३४.४० टीएमसी आहे, त्यातील ६.८८ टीएमसी मृतसाठा वजा जाता २७.५२ टीएमसी उपयुक्त साठा उरतो. धरणात १७.२० टीएमसी पाणी असेल, तर एकूण क्षमतेच्या हिशेबाने ते ५० टक्के भरलेले असते. उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने ३७.५ टक्के. दोन्ही उत्तरे बरोबर, पण एक दुसऱ्याच्या जागी वापरता येत नाही.

शून्य टक्के किंवा ८१९० टक्के ही चूक पाहताक्षणी लक्षात येते. चुकीच्या छेदाने काढलेले ५० टक्के मात्र कोणालाही खटकत नाहीत. म्हणूनच टक्केवारीशेजारी ती 'एकूण' साठ्याची की 'उपयुक्त' साठ्याची, हे लिहिणे आणि मूळ टीएमसीचा आकडाही देणे अगत्याचे ठरते.