सामुदायिक वाचन

वर्गांतील चाळीस मुलें एकेका वहीसाठीं कपाटाकडे धांवलीं, तर तास गोंधळांतच संपेल. दोघांनीं गठ्ठा आणून वांटला, तर काम लवकर उरकेल. अनेक संगणक मिळून एकच गणित सोडवितात, तेव्हां हीच अडचण येते. त्यांवर चालणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेनें फाइलींतील आपले विखुरलेले तुकडे स्वतंत्रपणें मागितले, तर वाचन मंदावतें. म्हणून १९९७ सालच्या एम्‌पीआय-२ या नियमावलींत सामुदायिक वाचनाची सोय केली गेली. तींत बहुधा निवडक प्रक्रिया मोठे सलग भाग वाचून जिचा तिला वांटा पोंचवितात. मात्र गटांतील प्रत्येकीनें मागणी केलीच पाहिजे. जिला कांहींच नको, तिनेंही शून्याची मागणी नोंदवावी. एक जरी गप्प राहिली, तरी बाकीच्या तिष्ठत राहूं शकतात. यास्तव प्रोग्रॅम लिहितांना ‘गरज असेल तिनेंच मागावें’ अशी अट येथें कधींही घालूं नये.