कुरळ्या केसांचा गुंता : ओढू नका, सोडवा

शेतातून घरी येताना डोक्यात भुसा, धूळ आणि घाम येतोच. केस सरळ असले की चार वेळा कंगवा फिरवून काम भागते. कुरळ्या केसांत तोच कंगवा अर्ध्यावर अडकतो, मुलगी रडू लागते आणि घरातले म्हणतात, "हिचे केसच वाईट!" केस वाईट नसतात. विंचरण्याची रीत चुकलेली असते, आणि ती सुधारणे आपल्या हाती आहे.

सरळ केस बहुधा गोल असतो, कुरळा केस चपटा. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत उतरते. कुरळ्या केसाच्या वळणावळणावर ते अडते. म्हणून असे केस मुळाशी तेलकट व टोकाला कोरडे राहतात. केसावर कौलांसारखे एकावर एक बारीक खवले असतात. केस कोरडा पडला की ते उघडतात, एकमेकांत अडकतात, आणि गुंता होतो. ओढले की केस वळणावरच तुटतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, येल्लापूर या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. हल्याळकडचे पुष्कळ सिद्दी कॅथलिक आहेत, शेती व मजुरी करतात, आणि त्यांच्या बोलीत कोंकणी-मराठीचा भरणा आहे. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांचे केस बारीक स्प्रिंगसारखे घट्ट वळलेले असतात. अशा केसांना हसणे अडाणीपणाचे आहे. त्यांना फक्त अधिक ओलावा आणि अधिक वेळ लागतो.

आता रीत पाहू. सरळ केस ओले असताना विंचरले तर अधिक तुटतात. घट्ट कुरळ्या केसांचे उलट आहे : ते कोरडे विंचरू नयेत. आधी पाण्याने ओले करावेत, मग खोबरेल तेल, जवसाचा चीक किंवा दुकानातले कंडिशनर भरपूर लावावे. केसांचे चार भाग करून तीन बांधून ठेवावेत आणि एकच हाती घ्यावा. मोठ्या गाठी प्रथम बोटांनी मोकळ्या कराव्यात. मग रुंद दातांचा कंगवा टोकापासून दोन-तीन बोटांवर धरून खाली ओढावा. तेवढे सुटले की थोडे वर सरकावे. मुळाकडून सुरुवात केली, तर वरच्या सगळ्या गाठी खाली येऊन एकच घट्ट गाठ होते. विंचरताना दुसऱ्या हाताने बट गाठीच्या वर घट्ट धरावी, म्हणजे ओढ टाळूला लागत नाही. उवा-लिखांसाठी बारीक दातांची फणी लागतेच, पण ती गुंता पूर्ण सुटल्यावरच फिरवावी.

विंचरताना हातात केसांचा पुंजका आला तर घाबरू नये. माणसाचे रोज साधारण ५० ते १०० केस गळतात. आठवडाभर वेणीत अडकलेले केस एकदम निघाले की ते फार वाटतात.

जवसाचा चीक घरी करता येतो. आपल्या मध्य प्रदेशात जवस पिकतो, आणि इंदूरच्या सियागंजच्या किराणा बाजारातूनही आणता येतो. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आंचेवर आठ-दहा मिनिटे ढवळत उकळावा. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावा. थंड झाल्यावर तो गाळला जात नाही. हा चीक चार-पाच दिवसांत नासतो, म्हणून थोडाच करावा.

पाण्याकडेही लक्ष हवे. तुकोगंजातल्या वाचकांच्या नळाला नर्मदेचे पाणी येते. इंदूरला ते १९७८ पासून मिळू लागले. पण शेतावर बोअरचे पाणी बहुधा क्षाराचे असते. त्यात अंगाचा साबण फेसाळत नाही, चिकट थर मात्र केसांवर बसतो आणि गुंता वाढतो. म्हणून केसांना साबण लावू नये. शिकेकाई, रिठा किंवा सौम्य शाम्पू वापरावा. धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नये. जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्याने टिपावे. शेतात जाताना व झोपताना सैल वेणी घालावी. वेणी फार घट्ट घातली, तर कपाळाकडचे केस कायमचे विरळ होऊ शकतात.

गुंता तसाच राहू दिला तर काय होते, हे महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमेवर दिसते. आजारपणात किंवा कामाच्या रगाड्यात केस विंचरायचे राहतात, एक बट चिकटते आणि तिची जट होते. मग कोणी सांगते, ही देवीची खूण, कापलीस तर कोप होईल. अशा भीतीने कित्येक बायकांनी वर्षानुवर्षे जटेचे ओझे वाहिले, मानेचे दुखणे व उवा सोसल्या. काही मुली तर देवीला सोडल्या गेल्या. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातील कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी अशा शेकडो बायकांना समजावून त्यांच्या जटा कापल्या आहेत. त्या पूर्वी सौंदर्यप्रसाधनाच्या व्यवसायात होत्या. टाळूबाहेर आलेल्या केसाला जीव नसतो. कापल्याने रक्त येत नाही आणि कोपही होत नाही. म्हणून गाठ कशानेच सुटत नसेल तर तेवढीच कापावी, सारे डोके भादरण्याचे कारण नाही.

हे काम रविवारी सकाळी, मिस्साच्या घाईत काढू नये. शनिवारी संध्याकाळी तासभर राखून ठेवावा, आणि आईला दुसरे काम असेल तर बापाने कंगवा हाती घ्यावा. घाई नसली की मुलीला कंगव्याची भीती राहत नाही, आणि केसही शाबूत राहतात.